सरांची गाठ कोण तपासणार?

मी दातांची डॉक्टर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेली अठरा वर्षं नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत कुणी पडलं, अडकलं, घसरलं किंवा मधमाश्यांनी फोडून काढलं की फोन मला येतो. "डॉक्टर, लवकर निघा." मी निघते. तिथे जाऊन बघावं तर त्या माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असतात आणि बाकी सगळं मोडलेलं असतं. गंगापूर रोडच्या माझ्या दवाखान्यात झकपक खुर्ची आहे, ड्रिल आहे, वरून खाली येणारा दिवा आहे. डोंगरात यातलं काही उपयोगाचं नाही. तिथे मी जखम बांधते, मोडलेलं हाड जागच्या जागी धरून ठेवते आणि ओरडते. ओरडण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

आमचा ग्रुप म्हणजे दर रविवारी कातळावर चढणारी पंधरावीस माणसं. कुणी बँकेत, कुणी अंबडच्या कारखान्यात, एक मेडिकलवाला, आणि एक गंगेवरचे, म्हणजे गोदाघाटावरचे, गुरुजी. हे गुरुजी आठवडाभर बाहेरगावच्या यजमानांचे विधी करतात आणि रविवारी सोवळं उतरवून कंबरेला हार्नेसचे पट्टे चढवतात. कुणी चढत असलं की खाली उभं राहून त्याचा दोर धरायला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस नाही. मी त्यांना नेहमी म्हणते, "गुरुजी, तुमचं बरं आहे. दोर सुटला तरी गिऱ्हाईक तुमचंच." ते हसतात आणि दोर आणखी घट्ट धरतात.

चढायला शिकलो तसं दुसऱ्याला उतरवायलाही शिकलो. आपल्याकडे डोंगरावर अडकलेल्या माणसापर्यंत सगळ्यात आधी पोचतात ते शेजारच्या पाड्यावरचे लोक, आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे रिकामटेकडे. अडकणारे दोन प्रकारचे असतात. एकाला आपण कुठे आहोत ते माहीत नसतं आणि दुसऱ्याला आपण कोण आहोत ते माहीत नसतं. एकदा एका कड्याच्या पोटात अडकलेल्या पोराजवळ मी दोरावरून दीड तासाने पोचले, तर तो मला म्हणाला, "मॅडम, आधी एक व्हिडिओ घ्याल का?" एकदा एक नवं जोडपं नव्या कोऱ्या चपला घालून किल्ल्याच्या पायऱ्या चढलं. उतरताना बायको बसत बसत एकटी खाली आली, नवऱ्याला मात्र आम्हाला बांधून उतरवावं लागलं. सगळ्या वाटेभर तो सांगत होता की मी फक्त हिच्यासाठी थांबलो होतो.

अशा माणसाला खाली आणेपर्यंत मी त्याला झापत असते. त्याची अक्कल, त्याचे बूट, त्याचे मित्र, त्याला वाढवणारे आईबाप, कुणाला सोडत नाही. रागाच्या भरात माणूस घाबरायचं विसरतो असं माझं शास्त्र आहे. ग्रुपमध्ये याला डॉक्टरची भूल म्हणतात.

आणि आम्हा सगळ्यांचे गुरू म्हणजे सर. एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. फळ्यावर कप-बशी काढून काढून कंटाळले म्हणून तरुणपणी कातळावर चढायला लागले, असं ते स्वतःच सांगतात. शहरातल्या निम्म्या चढणाऱ्यांना गाठ मारायला सरांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना त्या पहिल्या निम्म्यांनी. मी तिशीत त्यांच्याकडे आले तेव्हा माझे पाय लटपटत होते आणि तोंड चालू होतं. सर म्हणाले, "तोंड चालू आहे ना? मग पायही चालतील." त्या दिवसापासून मी त्यांची.

सरांचा एक नियम होता. चढायच्या आधी दोघांनी एकमेकांची गाठ तपासायची. लांबून बघून मान डोलवायची नाही, हात लावून बघायची आणि तोंडाने "बघितली" म्हणायचं. आमची गाठ आठाची असते. दोराचा आधी एक आठ करायचा, मग टोक हार्नेसमधून ओवून त्याच आठाच्या मागोमाग पुन्हा सगळं फिरवून आणायचं. पूर्ण झाली की ती दुपदरी, गुबगुबीत दिसते आणि तिच्यावर म्हैस टांगली तरी सुटत नाही. अर्धवट राहिली तर लांबून गाठच दिसते, पण भार आला की सरकत सरकत निघून जाते. एकदा एक इंजिनिअर गाठ न दाखवता चार हात वर चढला, तर सरांनी त्याला खाली बोलावलं, सगळ्यांचे दोर त्याच्या पाठीवर दिले आणि गाडीपर्यंत चालवत नेलं.

सगळ्यांची गाठ सगळे तपासायचे. सरांची कुणीच तपासत नसे. सरांची गाठ तपासायची म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवाला आज तुमची आंघोळ झाली का, असं विचारण्यासारखं होतं. उलट सर चढायला निघाले की आम्ही रांगेने त्यांच्या पाया पडायचो. हे कुणी सुरू केलं कुणास ठाऊक, पण पडायचो. मी देवळात हात जोडताना आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघते, पण सरांसमोर बिनदिक्कत वाकत होते. गुरुजीही वाकायचे, ज्यांच्या पाया आठवडाभर सगळं गाव पडतं.

या एप्रिलमध्ये सर सत्तर वर्षांचे झाले.

वाढदिवस हॉलमध्ये करायचा नाही, हरसूलच्या अलीकडच्या एका सुळक्याखाली करायचा असं ठरलं. सुळक्याचं नाव सांगत नाही, उगाच रविवारी रीलवाल्यांची रांग लागायची. सर तिथे वरच्या कडीतून ओवून खाली घेतलेल्या दोरावर चाळीसेक फूट चढणार, वर हात उंचावणार, फोटो होणार, मग खाली येऊन केक. एप्रिलमध्ये तो सगळा भाग भाजून निघालेला असतो. झाडं खराट्यासारखी, ओढ्यात नुसते गोटे, आणि कातळावर जे काही हिरवं म्हणून उरतं ते निवडुंग. पावसाळ्यात इथे धबधबे असतात हे सांगितलं तर नवीन माणूस आपल्याला खोटारडं समजेल.

सकाळी साडेसातला आम्ही सुळक्याखाली होतो. सरांनी हार्नेस घातला, हेल्मेट घातलं आणि गाठ मारायला घेतली. आठ केला, टोक हार्नेसमधून ओवलं, मागे फिरवायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात आमच्यातल्या बँकवाल्याने घसा खाकरून भाषण सुरू केलं. आपल्याकडे माणूस सत्तरीचा झाला की त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मग तो माणूस कातळाला टेकून अर्धी गाठ हातात घेऊन उभा असला तरी चालतं. सरांच्या खांद्यावर शाल आली, गळ्यात झेंडूचा हार आला, नारळ पुढे आला. नारळ एका हाताने घेणं सरांच्या संस्कारात बसत नाही. त्यांनी दोर सोडला, दोन्ही हातांनी नारळ घेतला, वाकून कपाळाला लावला. टाळ्या झाल्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मोबाइलवर शूटिंग करत होत्या. शाल आणि नारळ काकूंकडे गेले, हार फोटोसाठी गळ्यातच राहिला, आणि आम्ही पाया पडायला रांग लावली.

आता सांगूनच टाकते. मी वाकून उठले तेव्हा हाराच्या दोन पदरांमधून मला सरांची गाठ दिसली. ती सडपातळ होती. मी तिच्याकडे दोन क्षण नीट बघितलं, ती अर्धवट आहे असं मला वाटलं, आणि मी गप्प बसले.

माझ्यासारख्या बाईने गप्प बसावं म्हणजे त्यामागे कारण हवं. कारण होतं. महिनाभरापूर्वी सर हेल्मेट न घालता चढायला निघाले होते आणि मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले होते. "तुमचं डोकं आहे म्हणून आम्हाला अक्कल आहे, ते फुटलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?" मला वाटलं, कौतुकच केलं. सर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. हेल्मेट विकत आणलं, पण बोलले नाहीत. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला होता, "उद्या जरा तोंडाला कुलूप लाव बाई." मी शब्द दिला होता. शिवाय समोर हार होता, कॅमेरा होता, नवी शिकाऊ मंडळी होती. आणि मनात असंही आलं की सरांची गाठ चुकीची कशी असेल, माझ्याच बघण्यात काहीतरी चुकलं असणार. दोर धरलेले गुरुजीही नुकतेच वाकून उठले होते. त्यांनीही तपासली नाही. आम्ही नऊ माणसं त्या गाठीसमोरून खाली गेलो आणि वर आलो.

सर चढले. सत्तरीत माणूस जिना चढताना कठडा शोधतो, हा गृहस्थ बोटभर खाचेवर अंगठा टेकवून आरामात उभा राहत होता. वर पोचले, हात उंचावला, खालून आरोळ्या उठल्या. मग सर ओरडले, "गुरुजी, घ्या!" गुरुजींनी दोर ताणला. सर हात सोडून मागे रेलले, आणि दोर एकटाच वर गेला.

सर पंधरा फूट पडले आणि एका अरुंद पायरीवर अडकले. ती पायरी जमिनीपासून पंचवीस फूट वर, कॉटभर रुंद, आणि तिच्या कडेला निवडुंगाचं मोठं झुडूप. ते झुडूप नसतं तर सर खाली आमच्यातच आले असते. हेल्मेटला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता, डोकं शाबूत होतं. झेंडूची फुलं कितीतरी वेळ एकेक करून खाली येत होती. काकूंच्या हातातला मोबाइल चालूच होता. कुणीतरी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

मी दुसऱ्या दोराला स्वतःला बांधलं, मेडिकलवाल्याकडून गाठ तपासून घेतली आणि बाजूने वर गेले. सर जागे होते. उजवी मांडी मधेच जाड झाली होती, पाय आखूड दिसत होता आणि पंजा बाहेर वळला होता. दातांच्या डॉक्टरलाही कळेल इतकं ते मांडीचं हाड मोडलं होतं. मांडीचं हाड मोडलं की रक्त आतल्या आत साठत जातं, बाहेर थेंब दिसत नाही, आणि माणूस गप्पा मारता मारता जाऊ शकतो. नाडी भरभर चालली होती. ऊन चढायला लागलं होतं. सरांना लवकर आणि न हलवता खाली नेलं नाही तर ते या पायरीवरच संपतील, हे मला दिसत होतं. आणि ते माझ्यामुळे संपतील, हेही मला ठाऊक होतं.

"स्ट्रेचर!" मी खाली ओरडले.

खाली सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमचं स्ट्रेचर गंगापूर रोडला बँकवाल्याच्या माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी होतं. वाढदिवसाला स्ट्रेचर कोण आणतं? केक आणला होता, बिनअंड्याचा.

आरडाओरडा ऐकून पाड्यावरचे लोक जमले होते. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा कंबरेवर हात ठेवून वर बघत होते. ते म्हणाले, "बाय, शिडी हाय ना घरी. कौलं शाकारायची. तिच्यावर निजवा त्याला, गोधडी टाकून. आमी तसाच नेतो आजारी मानसाला."

वीस मिनिटांत शिडी आली. चांगली रुंद, बांबूची, पायऱ्या काथ्याने बांधलेल्या. आम्ही गेली कित्येक वर्षं परदेशी व्हिडिओ बघून बचावाचा अभ्यास करणारी माणसं, आणि आमचा जीव त्या शिडीत अडकला होता. दोरांनी ती वर ओढून घेतली. माझ्या मदतीला मेडिकलवाला वर आला. सरांच्या दोन पायांच्या मध्ये गोधडीची घडी घालून आम्ही ते एकमेकांना बांधले. बांधायला काही मिळेना तेव्हा काकूंनी खालून शाल पाठवली. सत्काराच्या शालीचा उपयोग होताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

सरांना शिडीवर घेतलं तेव्हा ते जे ओरडले ते मला अजून ऐकू येतं. मग ते शांत झाले. फारच शांत झाले. डोळे मिटायला लागले.

"सर, झोपायचं नाही."

"मग झाप की," सर पुटपुटले. "सगळ्यांना झापतेस. मला का नाही?"

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. अठरा वर्षांत कधी असं झालं नव्हतं. शेवटी मी त्यांना दवाखान्यातल्या एका पेशंटची गोष्ट सांगायला लागले, ज्याने भूल उतरायच्या आधी कचोरी खाल्ली आणि स्वतःचा गाल चावला. भिकार गोष्ट होती. सर म्हणाले, "आवाज चढव, ऐकू येत नाही." मी आवाज चढवला. मधेच लाज वाटली, तरी बोलत राहिले.

शिडी खाली सोडायच्या आधी मी प्रत्येक गाठीला हात लावला. प्रत्येकीला मोठ्याने "बघितली" म्हटलं. गुरुजी दोर सोडत होते, हळूहळू. त्यांच्या तोंडाने काहीतरी चालू होतं. ते कोणतं स्तोत्र होतं ते मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टर, स्तोत्र कसलं? नुसतं सावकाश, सावकाश म्हणत होतो." मी शिडीच्या बाजूने दोरावर उतरत होते, एक हात सरांच्या कपाळावर. पंचवीस फूट उतरायला पाऊण तास लागला.

पुढे रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर ओढ्याच्या गोट्यांतून जायचं होतं. पाड्यावरच्या सहा जणांनी शिडी खांद्यावर घेतली. आम्ही मदतीला पुढे झालो तर बाबा म्हणाले, "तुमी बाजूला व्हा, तुमचा पाय एक नाय पडायचा." खरंच, त्यांचा पाय एका लयीत पडत होता आणि शिडी हलत नव्हती. आमच्या पायांत भारी बूट होते आणि आम्ही मागून ठेचकाळत चाललो होतो. रस्त्याला गाडी तयार होती. दुपारपर्यंत सर नाशिकच्या हॉस्पिटलमध्ये होते, संध्याकाळी मांडीत सळई बसली आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या काकूंना डॉक्टरांनी, खऱ्या डॉक्टरांनी, सांगितलं की वाचले. पाठच्या बाजूचे निवडुंगाचे काटे काढायला नर्सला दोन दिवस लागले. त्याबद्दल सर अजूनही तक्रार करतात, मांडीबद्दल करत नाहीत.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सर घरी आले आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायला लागले, "वय झालं. गाठ मारायची विसरलो." रविवारचं शिकवणं बंद केलं. आपले दोर, आपल्या कड्या, आपले बूट एकेकाला बोलावून देऊन टाकले. गुरुजी म्हणाले, माझी चूक आहे, दोर माझ्या हातात होता, तपासणं माझं काम होतं. सर म्हणाले, "तुमचा काही संबंध नाही, डोकं माझं गेलंय."

एका दुपारी काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. सरांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी आपल्या मुलांना ओळखत नव्हते. सरांना वाटतंय आपलंही तेच सुरू झालं. "रोज सकाळी उठून वही घेतात," काकू म्हणाल्या. "शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या पोरांची हजेरी आठवून लिहितात. एक नाव आठवलं नाही तर दिवसभर जेवत नाहीत. मला म्हणतात, मी विसरलो हेही मला आठवत नाही गं, गाठ मारतानाचं काहीच आठवत नाही." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी गॅसवरच्या दुधाकडे बघत राहिले.

मला आठवत होतं. सगळं. त्यांनी दोर का सोडला ते मी पाहिलं होतं. बाकीच्यांचे डोळे नारळावर होते, आणि ते शूटिंग परत बघायची काकूंची हिंमत नव्हती. पण ते सांगायचं म्हणजे मी काय पाहिलं आणि काय केलं नाही तेही सांगावं लागणार होतं. मी दोन आठवडे काढले. रोज सरांकडे जायचे, कधी थालीपीठ, कधी साबुदाण्याची खिचडी घेऊन. त्यांनी सांगितलेलं "वय झालं" ऐकून यायचे. दवाखान्यात पेशंटचं तोंड उघडून बसायचे आणि माझं स्वतःचं उघडायची हिंमत नव्हती. स्वतःचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता.

शेवटी एका शनिवारी गेले. सर खिडकीपाशी खुर्चीत होते, पाय समोर स्टुलावर, मांडीवर ती वही. मी डबाही नेला नव्हता.

"सर, तुम्ही विसरला नव्हता," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "तुम्ही गाठ मारत होता. अर्धी झाली होती. तेवढ्यात नारळ आला."

"कसला नारळ?"

"सत्काराचा. तुम्ही दोर सोडून नारळ घेतला."

सरांनी पेन खाली ठेवलं. "एका हाताने?"

"दोन्ही हातांनी. वाकून. कपाळाला लावलात."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता मांडीत कळ आली तसे कण्हले, पुन्हा हसले. "नारळ! अरे, काय मूर्ख माणूस! काकूऽऽ, ऐकलंस का, मी नारळापायी पडलो!" बायकोलाही ते काकूच म्हणतात. आतून काकूंनी काहीतरी उत्तर दिलं, ते मला कळलं नाही. सरांनी वही मिटून बाजूला टाकली. महिनाभरात त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

आता उरलेलं सांगणं आणखी अवघड झालं होतं. "सर, अजून आहे," मी म्हणाले. "पाया पडून उठताना मला गाठ दिसली होती. अर्धवट आहे असं वाटलं होतं. मी बोलले नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"तू बघितलीस ते. पाया पडून उठलीस आणि थांबलीस. हाराच्या मधून नीट बघितलीस. बाकी सगळे डोळे मिटून वाकत होते, तू एकटी बघत होतीस. नारळाचं आठवत नव्हतं, पण हे चांगलं आठवतंय." त्यांनी पाय जरा सरकवला. "एरवी मी चढायच्या आधी माझी गाठ एकदा चाचपतो. गेली चाळीस वर्षं चाचपतोय. त्या दिवशी म्हटलं, हिने बघितली. ही काही बोलली नाही म्हणजे बरोबर असणार. ही कुणाला सोडते का? हेल्मेटवरून मला सोडलं नाही. म्हणून मी बिनघोर चढलो."

मी खाली बसले. खुर्ची नव्हती, फरशीवरच बसले.

"मग हे सगळ्यांना का नाही सांगितलंत?" मी खालूनच विचारलं. "वय झालं, वय झालं करत बसलात."

"मग काय सांगू? डॉक्टरने बघितली होती असं सांगू? लोक तुला दारात उभं करतील का परत?"

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण एक पाय सळईवर होता आणि पाया पडण्यानेच सगळी वाट लागली होती. कितीतरी गोष्टी बोलायच्या होत्या. मला माफ करा, मला वाटलं माझीच नजर चुकली, मला तुमचा राग नको होता, तुम्ही गेला असतात तर मी काय केलं असतं. यातलं एकही वाक्य बाहेर पडलं नाही. सर वाट बघत होते. आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

"हे बघ," सर म्हणाले. "परत गप्प बसलीस."